करप्याची पानं आणि आबांचा अंगठा

मंगळवार, पिंपळवंडी

कॉम्प्युटर लई भरला म्हणून दुपारी टोमॅटोच्या करप्याचे सगळे फोटो उडवले. औषधवाल्याला दाखवून झालेली रोगट पानं, ठेवायची कशाला? तासाभरात पुण्याहून लेकीचा फोन. "आई, माझ्या मोबाईलमधले आबा गेले!"

फोटोसाठी पान धरायचे ते माझे सासरे, आबाच. ते वारले, आता त्यांचा मातीनं भरलेला अंगठा तेवढा त्या फोटोंत. आमचं दोघींचं फोटोंचं खातं एकच, इकडं पुसलं की तिकडंही जातं. आधी हे दोन्हीकडचं जोडणारं सिंक बंद करावं, हे मला सुचलं कसं न्हाई?

कॉम्प्युटरच्या कचरापेटीतून सगळे परत आणले, पेनड्राइव्हवर उतरवले, मगच सिंक बंद केलं. लेकीला तीनदा विचारलं, अंगठा दिसतोय ना?

"दिसतोय गं. आता काढ तुझ्याकडचे."

माऊसवर माझं बोट, समोर त्यांचा अंगठा. राहू दे कॉम्प्युटर भरलेला.