तांबडं करडू

आबा,

दहावीच्या सराव परीक्षेत मी जीवशास्त्रात नापास झाले, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. शेळ्यांना पाला टाकत विचारलंत, "कशात अडलंय?" तुम्हाला काय कळणार, अशा गुर्मीतच मी सांगितलं: आनुवंशिकतेत. मटाराच्या दोन उंच झाडांना बुटकं रोप कसं होतं, तेच डोक्यात शिरत नव्हतं. धडा तोंडपाठ होता, पण प्रश्न जरा फिरवून आला की मी कोरी. तुम्ही कोपऱ्यातलं तांबडं करडू दाखवलंत. "ह्याची आई काळी, बाप काळा. मग हे तांबडं कुठनं आलं?" मग तुम्हीच उलगडून सांगितलंत: "शेळीची आई तांबडी व्हती. ढोकीच्या पाव्हण्याकडनं आणलेल्या बोकडाची आई बी तांबडीच. दोघांच्या अंगात ते दडून ऱ्हायलं. दोन्हीकडनं आलं, तवा दिसलं. एकाच बाजूनं आलं असतं तर काळंच निघालं असतं." बोकड आणायचा तर आधी त्याची आई बघायची, हा तुमचा नेम. एकेका शेळीच्या तीन पिढ्या तुमच्या ध्यानात असायच्या, आणि शाळा म्हणाल तर चौथीपर्यंतची.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर शेळ्या मांडून दाखवल्या. मग पालक सभेत सर तुमच्यासमोरच म्हणाले, "पोरीनं स्वतःच्या डोक्यानं उदाहरण काढलंय." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली चपलांकडे. तुमच्या कपड्यांना शेळ्यांचा वास येत होता आणि माझ्या मैत्रिणी शेजारीच उभ्या होत्या. वाटेत तुम्ही एवढंच म्हणालात, "सर लई खूश हायेत, बग." मला रडू यायला हवं होतं. आलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं.

बोर्डात तोच प्रश्न उंदरांवर आला. मी मनातल्या मनात उंदरांच्या शेळ्या केल्या आणि तो सोडवला. पास झाले, पुढं शिकले, शिक्षिका झाले. आता मीही हा धडा शिकवते. प्रभावी, अप्रभावी हे शब्द नंतर. आधी काळी शेळी आणि तांबडं करडू. मुलांना पटकन कळतं. त्या तासाला तुमची फार आठवण येते, आबा. अभिमान वाटतो, आणि स्वतःची लाजही.

पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच हे लिहायला धजले. काल एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी शेळ्या व्हत्या का?"

"शेजाऱ्यांकडे होत्या," मी म्हणाले.