नाला बारा साखळ्यांवर

३ मार्च १९६८, धुळे
आज कचेरीतल्या साहेबांना शब्द दिला. लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.
क्लबाच्या मैदानावर मोजणीला गेलो होतो. गोल्फचे सहा खड्डे आहेत, त्यांच्यातली अंतरं साहेबांना पक्की हवी होती. काम झाल्यावर म्हणाले, "वाणी, पुढच्या २६ जानेवारीला जळगावकर येतायत. जोडीजोडीनं खेळायचं ठरलंय. माझ्या जोडीला धुळ्यात माणूस नाही."
मी म्हणालो, "मी शिकतो."
"काय, गोल्फ?" हसले.
"हो. दहा महिने पुष्कळ झाले."
हसायचे थांबले. म्हणाले, "पहिल्या खड्ड्याआधीचा नाला एका फटक्यात ओलांडा, मग जोडी तुमची." घरी बोलावून एक जुना लोखंडी दांडा (पाच नंबर) आणि टवके उडालेले चार चेंडू दिले.
नाल्याचा पलीकडचा काठ मारायच्या जागेपासून बरोबर बारा साखळ्या. मीच मोजलाय.
टायपिंग आठ महिन्यांत शिकलो. पेटी दीड वर्षात. इंग्रजी वर्तमानपत्रावर. साखळी ओढणारा म्हणून खात्यात लागलो, आज मोजणीदार आहे. यातलं काहीही कोणाला विचारून केलेलं नाही.

१० मार्च
जळगावला कामाला गेलो होतो. रद्दीवाल्याकडे गोल्फवरचं इंग्रजी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ नाही. शेवटची पाचसहा पानं ओल लागून एकमेकांना चिकटलेली. शब्दांची यादी असावी. कोश घरी आहे, तिचं काम नाही.
पहिल्या प्रकरणातलं पहिलंच कलम: फटका मारण्याआधी चेंडूला ॲड्रेस करावे. कोश काढला. ॲड्रेस म्हणजे पत्ता, संबोधणे, उद्देशून बोलणे. पत्त्याचा इथे संबंध नाही. म्हणजे बोलायचं. साहेब मारण्याआधी ओठ हलवतात ते पाहिलंच होतं. आता उलगडा झाला.
खाली लिहिलंय की नीट ॲड्रेस केला नाही तर फटका वाया जातो.

१७ मार्च
दर रविवारी सकाळी ६ ते ८. दगाभाऊ बरोबर. खात्यातला माझा जुना साखळीवाला, साठीला टेकलाय. चेंडूचा पहिला टप्पा पडेल तिथे खुंटी ठोकतो.
आधी "अरे" म्हणून पाहिलं. "अरे, सरळ जा." वीस फूट गेला, तोही घरंगळत. अरे-तुरे करावं इतकी ओळख नाही अजून. मग "अहो, सरळ जावे." हे बरं वाटलं. हेच कायम.
दगाभाऊ लांबून ओरडला, "नाना, कोनासंगे बोली ऱ्हायनात?"
म्हटलं, तू खुंटी बघ.
४० फटके. उजवीकडे २९. उत्तम: ५ सा. ३ आ.
(साहेब म्हणतात, मीटरमध्ये लिहा. खात्याच्या कागदावर लिहितो. इथे साखळी आणि आणे. एका साखळीचे तेहतीस फूट, त्यांचे सोळा आणे मला डोळे मिटून दिसतात, मीटर दिसत नाही.)

१४ एप्रिल
६ सा. १ आ. उजवीकडेच. सव्वीस वर्षं सरळ रेषा आखतोय. झेंडे रोवून, डोळा लावून. चेंडूमागे आणि पुढे दोन झेंडे रोवले, मध्ये दोरी. रेषेत एक इंचाचा फरक नाही. चेंडू निघतो रेषेवरून आणि पुढे जाऊन वळतो, सासरी निघालेली मुलगी वेशीवरून मागे बघते तसा.
दोष कुठे आहे ते सापडत नाही.

१२ मे
ऊन. सात वाजताच दांडा हाताला चटका देतो. इथे हिरवळ नाही, खड्ड्याभोवती तेल कालवलेली वाळू असते. ती पायाला चिकटली, घरभर ठसे. सौ.नं फडकं माझ्यासमोर आणून ठेवलं.
उत्तम ६ सा. १४ आ. उजवीकडे (उ.) २६.

२३ जून
मैदानावर गवत गुडघाभर. अंगणात पोत्यावर सराव. चेंडू न ठेवता नुसता दांडा फिरवायचा. पण ॲड्रेस सोडायचा नाही, सवय मोडते. रिकाम्या जागेला म्हणतो, "अहो, सरळ जावे."
सौ. तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "माझ्याशी बोलायच्या आधी एवढं थांबत नाही तुम्ही."
"पुस्तकात लिहिलंय."
"बायकोवरचं नाही मिळालं का रद्दीत?"

५ ऑगस्ट
काल कानबाईचा सण. नैवेद्याचे रोट खाऊन अंग जड. पहिल्यांदा रविवार चुकला. मनाला लागलं.
पाच महिने झाले. याच काळात टायपिंगला मिनिटाला पंचवीस शब्द होते. इथे मोजायला गेलं तर महिन्याला अर्धी साखळी. त्या हिशेबानं बारा साखळ्या पुढच्या उन्हाळ्यात. जळगावकर जानेवारीत येणार.

१५ सप्टेंबर
मैदानावर नवा माणूस. लालचंदशेठ, आग्रा रोडवर कापडाचं दुकान. साहेबांचे मित्र. शेठ पहिल्यांदाच दांडा हातात धरतायत. कसाही धरतात. मोजत नाहीत. चेंडू गेला की "गेला!" म्हणून हसतात, उजवीकडे गेला तरी हसतात.
माझा उत्तम ८ सा. २ आ. त्यांचा किती ते त्यांना माहीत नाही. मी मोजला. ६ सा. ११ आ. पहिल्या दिवशी.

६ ऑक्टोबर
शेठ ८ सा. ९ आ.
मी ८ सा. ४ आ.


२० ऑक्टोबर
शेठनी बाजूला घेतलं. खालच्या आवाजात, "नानासाहेब, वो मंतर जरा आम्हाला पण सांगा ना."
"कसला मंत्र?"
"चेंडूला म्हणता तो. मी दर वेळी बघतो. दुकानाची गादी सोडून आलोय, आता लपवू नका."
सांगून टाकलं. पुस्तकातली गोष्ट आहे, लपवायची काय. शेठनी दोन वेळा घोकलं. मग आपलं करून घेतलं: "अहो जी, सीधे जाओ."
१० सा. ६ आ. सरळ.
दगाभाऊ खुंटी ठोकताना माझ्याकडे बघत नव्हता.

३ नोव्हेंबर
आता क्लबात तिघेजण बोलून मारतात. एक वकील आणि एक डॉक्टर शेठचं बघून सुरू झाले. वकील तर चेंडूला "महाराज" म्हणतो. तिघांचेही फटके सुधारले.
माझे ९ सा. ४ आ. उ. १९.
दगाभाऊला विचारलं, तुला काय दिसतं? आयुष्यात प्रथमच विचारलं कोणाला. त्यानं डोकं खाजवलं. "नाना, तुम्हनं बठ्ठं बरोबर शे. पन चेंडू उजवा आंगेच पयस."
एवढंच. सगळं बरोबर, तरी चेंडू उजवीकडे पळतो, हे तर मलाही दिसतं.

१७ नोव्हेंबर
पुस्तक पुन्हा पहिल्यापासून. उजवीकडे का वळतो याचं कलम कुठेच नाही. मागच्या चिकटलेल्या पानांत असेल म्हणून ती भाताच्या वाफेवर धरून सोडवली. सौ.नं पातेल्यावरचं झाकण धरलं. एक कोपरा फाटला, बाकी निघालं.
शब्दांची यादीच आहे. पहिलाच शब्द.
ॲड्रेस: पाय रोवून, दांडा चेंडूमागे टेकवून उभे राहणे.
इतकंच. बोलण्याचा शब्द नाही.
तीन वेळा वाचलं. कोश बाजूला ठेवून वाचलं. तेच.
सौ.नं विचारलं, "सापडलं का?" म्हटलं, नाही.

१८ नोव्हें.
कचेरीत दिवसभर नकाशावर हद्दीची रेषा ओढत होतो. दोनदा खोडावी लागली. आठ महिने एका खडबडीत चेंडूला अहो-जाहो करत होतो, गावातल्या तीन प्रतिष्ठित माणसांना तेच शिकवलं. आता कोणत्या तोंडानं सांगू. शेठना सांगितलं तर ते हसतील. पण त्यांचा चेंडू सरळ जातोय, म्हणजे हसायचा हक्क त्यांचाच.
सांगणार नाही.

१ डिसेंबर
न बोलता मारायचं ठरवलं. शास्त्राप्रमाणे. पाय रोवले, दांडा टेकवला. हात वर जाईना. उभा राहिलो तसा उभाच. मागून दगाभाऊ: "नाना, आज त्याले काही सांगत नही का?"
कसाबसा मारला. ४ सा. ८ आ. मार्चमधल्या पहिल्या सरावाच्याही मागे.
४० फटके ठरलेले असतात. १८ वर थांबलो.

८ डिसें.
न बोलता: ५ सा. २ आ.
मनात बोलून: जेमतेम ६ सा.
ओठ हलवून: ७.
हे काय आहे मला कळत नाही. जे खोटं आहे ते धरलं तर थोडं होतं, जे खरं आहे ते धरलं तर काहीच होत नाही. माझ्याजवळ याच्यावर कोष्टक नाही.

२२ डिसें.
साहेब भेटले. "काय वाणी, नाला?" म्हटलं, प्रयत्न चालू आहे. ते म्हणाले, "लालचंदनं काल ओलांडला. १२ जानेवारीला दोघांनाही बघू. तीन-तीन चेंडू. मोजणी तुम्हीच करा, तुमच्याइतकी पक्की दुसऱ्याची नाही."
म्हणजे माझा खेळ मीच मोजायचा.

१२ जानेवारी १९६९
सविस्तर लिहितो.
थंडी होती. साहेब कडुनिंबाखाली खुर्ची टाकून. दगाभाऊ नाल्यापाशी.
शेठ आधी. "अहो जी, सीधे जाओ." पहिल्याच चेंडूला १३ सा. २ आ. पुढचे दोन हसत हसत मारले, कुठेही गेले.
मी. पहिला उजवीकडे, बाभळीत. दुसरा दांड्याच्या कडेला लागून जमिनीवरून सरपटत गेला, साखळी लावायचीही गरज पडली नाही. तिसऱ्याला उभा राहिलो. पाय रोवले. दांडा टेकवला. शास्त्र माहीत असताना, साहेब बघत असताना, मोठ्यानं म्हणालो: "अहो, सरळ जावे."
सरळ गेला.
इतका सरळ दहा महिन्यांत पहिल्यांदाच. झेंडे नव्हते, दोरी नव्हती, तरी रेषेवर. शेठ उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. चेंडू नाल्याच्या पलीकडच्या काठाला, वरच्या कडेच्या जरा खाली आपटला आणि आत पडला.
साखळी लावली. मी या टोकाला, दगाभाऊ त्या टोकाला, एकेक साखळी पुढे सरकत नाल्यापर्यंत. शेवटच्या साखळीला तो चेंडू आपटलेल्या दगडावर वाकला, साखळीवरचे आण्यांच्या खुणांचे दाणे मोजले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलला, "नाना, एकच आनाना फरक शे. साखळी जराखी ढिली धरू का?"
ढिली साखळी अंतर जास्त दाखवते. हे मी सव्वीस वर्षं नवीन माणसांना शिकवलंय, पहिल्या दिवशी.
"ताण."
त्यानं ताणली नाही. माझ्याकडे बघत राहिला. मला ओरडावं लागलं. "दगाभाऊ, ताण म्हणतो ना!"
११ सा. १५ आ.
साहेबांना वाचून दाखवलं. ते "बरं" म्हणाले. शेठना खांद्यावर थोपटलं, मलाही थोपटलं. जोडीला कोण घेणार ते बोलले नाहीत.
जाताना शेठ म्हणाले, "नानासाहेब, मंतर तुमचा, माझं काय आहे त्यात." अगदी मनापासून म्हणाले. म्हणूनच सहन झालं नाही.

१३ जाने.
रात्रभर झोप झाली नाही असं दिसलं असणार. सकाळी सौ.नं चहा ठेवला आणि समोरच बसून राहिली. तिला सगळं सांगितलं. कोश, चिकटलेली पानं, ॲड्रेस म्हणजे काय. नोव्हेंबरपासून लपवलं तेही.
आधी पदर तोंडाला लावला. मग हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी. मी रागावणार होतो, पण तिच्याकडे बघून मलाही.
मग शांत झाल्यावर, "पण वकीलसाहेब चेंडूला महाराज म्हणतात ते?"
"तेही माझ्यामुळेच."
पुन्हा सुरू.
पंचवीस वर्षांत माझी चूक तिला सांगितल्याचं आठवत नाही. तिलाही आठवत नसेल.

१९ जाने.
साहेबांकडून निरोप नाही. विचारणं बरं दिसत नाही. मैदानावर गेलो. ४० फटके. ९ सा. ११ आ. पुन्हा उजवीकडे. तो तिसरा चेंडू कसा गेला ते अंगाला आठवत नाही. हात कुठे होते, खांदा कुठे होता, काहीच नोंद नाही. ज्या एका फटक्याची नोंद हवी होती तेवढीच राहून गेली.

२५ जाने.
संध्याकाळी साहेबांचा शिपाई चिठ्ठी देऊन गेला.
"उद्या सकाळी ७ वाजता मैदानावर यावे. साखळी आणावी."
खाली सही. आणखी काही नाही. मागची बाजूही बघितली.
सौ. म्हणाली, "साखळी आणा म्हणजे मोजायला."
म्हटलं, "यावे असं आधी लिहिलंय. साखळी दुसऱ्या वाक्यात."
"मग विचारून या ना साहेबांना. बंगला लांब आहे का?"
चप्पल पायात घातली. कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. 
दगाभाऊ येऊन गेला. त्याला चिठ्ठी वाचून दाखवली. तो म्हणे, साखळी मी आनसू, दांडा तुम्ही ल्या. त्याच्या लेखी ठरलंय.
साखळीला तेल लावलं, दाणे पुसले. दांडाही पुसला. चारही चेंडू पाण्यात धुऊन ओट्यावर वाळत ठेवलेत. एका चेंडूला मोठा टवका आहे. १२ तारखेचा तोच. नाल्यातून दगाभाऊनं काढून दिला होता.
त्या चेंडूसमोर जरा बसलो. अहो म्हणालो. पुढचं काय म्हणायचं ते उद्या मैदानावरच ठरेल.