बूच लावलं का?

प्रिय व्हर्लिनराव,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, मार्लिसच्या, नवऱ्याचा, म्हणजे रोआल्डचा, सप्रेम नमस्कार. गुडघे काय म्हणतात? अ‍ॅरिझोनाच्या उन्हानं वठणीवर आले असतील. इकडे मिनेसोटात तळ्यावरचा बर्फ गेला, मासेमारीचा हंगाम उघडला, आणि तुम्ही विश्वासानं माझ्या हवाली केलेली होडी सुखरूप आहे. (हे वाक्य पुढचं वाचतानाही ध्यानात ठेवावं.)

शनिवारी सकाळी हॅझल तळ्याच्या धक्क्यावर ही रांग! आपला धक्का तो केवढा, एका वेळी गाडीमागचा, होडी लादलेला एकच ट्रेलर पाण्यात उतरणार. होडीत साचलेल्या पाण्याबरोबर एका तळ्याचं तण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून होडीच्या बुडाचं बूच काढूनच ती रस्त्यानं आणायची, आणि पाण्यात सोडण्यापूर्वी ते परत लावायला दरवर्षी कुणीतरी विसरतंच. म्हणून मी समाजकार्य समजून रांगेतल्या प्रत्येकाला जाऊन विचारलं, "बूच लावलं का?" म्हाताऱ्या एल्मरला तर दोनदा. मग माझी पाळी आली. मी रिव्हर्स घेताना गाडी डावीकडे वळवली की ट्रेलर उजवीकडे पळे. (ट्रेलर तुमचा, स्वभावही तुमचाच.) लोक कॉफी पीत म्हणत होते, "सावकाश, रोआल्ड, काही घाई नाही." आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी मार्लिसनं मला होडीत चढवलं, स्वतः गाडीत बसली आणि एका दमात ट्रेलर सरळ पाण्यात. मध्येच तिनं खिडकीतून हात काढून जोरजोरात हलवला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर एवढं प्रेम! मला भरून आलं. मीही हात हलवला.

ती गाडी लावायला वर गेली आणि इकडे माझे मोजे ओले झाले. धक्क्यावरून एल्मर शांतपणे म्हणाला, "रोआल्ड, बूच लावलं का?" एकही माणूस हसला नाही, सगळे आभाळाकडे बघू लागले, हसले असते तर परवडलं असतं. पण प्रसंगावधान माझ्याकडे आहे. डब्यातलं जाडसं गाजर भोकात ठोकलं, एल्मरनं बादलीनं पाणी उपसलं, आणि मार्लिस परत येईपर्यंत मी धक्क्यावरचा हिरो झालो होतो. दिवसभर आम्ही गाजराच्या भरवशावर तरंगलो, वॉलआय मासे मिळाले, काठावरच तळून खाल्ले. खरं सांगतो, फार सुखात गेला दिवस.

तुमचा,
रोआल्ड

ता. क. मार्लिस म्हणते, यापुढे ट्रेलर पाण्याला तीच लावणार. होडी तुमची, तेव्हा तो रोआल्डनंच लावावा असं तिला दोन ओळींत कळवा. धक्क्यावर माझी थोडी तरी पत राहू द्या. (मी सुचवलं हे लिहू नये.)

आणखी एक. बूच सापडत नाही. तुमच्याच कोटाच्या खिशात गेलेलं दिसतं. धाडून द्यावं.

दादा, मी मार्लिस. पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय. बूच गाडीत सीटवर पडलं होतं. मी खिडकीतून तेच दाखवत होते, आणि हे मला हात करत होते! परत येऊन बघते तर गाजरावर स्वारी एवढी खूश, की सांगवेना. ट्रेलर मीच लावणार, तू मध्ये पडू नकोस. पण बुचाचं यांना कळू देऊ नकोस हं. त्या दिवसापासून मी कुठेही निघाले की हे दारात येऊन हात हलवतात.