सहा गोल आणि पावणं

रविवार, संध्याकाळ

इतिहासानं नोंद घ्यावी: आज मैदानावरच्या चहात आलं नव्हतं.

पण मन खात बसलंय ते वेगळंच. निरगुडसरचा आमचा फुटबॉल क्लब पुन्हा हरला, आणे गावच्या टीमकडून सहा गोल खाऊन. शेजारी बसलेल्या, आण्याहून टीमबरोबर आलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “ही टीम तुमची का?” मी म्हणालो, “छे, मी पाहुणा.” क्लब निघाल्यापासून एक सामना चुकवला नाही, आणि जीभ अशी वळली? मागे आमचा गोलकीपर संतोष बॉल घ्यायला आलेला. त्यानं ऐकलं.

सामना संपल्यावर त्याची जाळी सोडायला हात लावला, तर एरवी भाऊ म्हणणारा संतोष सगळ्यांदेखत म्हणाला, “राहू द्या पावणं. पावण्यांना काम लावत न्हाई आमी.”

पावणं! लोकांना टोचणारे लेख लिहून मी नाव कमावलं, पण एका शब्दात इतकं खोल टोचणं मला कधी जमलं नाही.

तसाच आणेकरांच्या टेम्पोपाशी गेलो. म्हाताऱ्याला म्हणालो, “मघाशी खोटं बोललो. टीम माझीच.”

“मंग एवढं हळू का सांगता, राव?”

पुन्हा सांगितलं, ओरडून. संतोषनं वर पाहिलं नाही. मी जाऊन जाळीचं दुसरं टोक धरलं. या वेळी त्यानं ते माझ्या हातात राहू दिलं.