अम्मीची वाट आन तुझा जिना

प्रिय साजिद,

फोन बिघडला न्हाई माझा. रिचार्जबी मारलाय. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, म्हून लिहितोय. चौथीपर्यंतची मराठी हाय, चुका काढत बसू नको.

नगरपंचायतीची नोटीस घराच्या दाराला चिकटवलीय, तुझ्या नावाची. गल्लीत काढलेला जिना तोडा. वरच्या खोल्यांना परवानगी न्हाई, त्याबी तोडा. न्हाई तोडल्या तर ते तोडणार आन खर्च तुझ्याकडूनच घेणार. आता कशापायी बोंबलतोस? बांधकाम चालू असताना शेजारचा परमेश्वर हात जोडून म्हणला नव्हता का, साजिदभाई, जिना आतून घ्या, गल्ली अडती. तू काय म्हणलास? तुझी म्हैस निघती ना बे, मग झालं! चार माणसांत हसलास. मिस्त्रीबी हसला. नकाशा न्हाई, परवानगी न्हाई, आन वर म्हणं, केजासारख्या गावात कोण इचारतंय.

अम्मी गेली तवा तू पुण्यात. तू पोचलास तवर कबरस्तानात मिट्टी देऊन झालती. मधी काय झालं ते तुला कुणी सांगितलं न्हाई, मीच सांगू दिलं न्हाई. आता ऐक. जनाजा दारातून उचलला आन तुझ्या जिन्यापाशी अडला. वळंचना. पुढचे म्हणतेत मागं घ्या, मागचे म्हणतेत तिरपा करा. अम्मीला तिरपी करा! जित्तेपणी कुणाम्होरं वाकली न्हाई ती. मला तोंड कुठं लपवावं कळंना. तवा परमेश्वरनं पलीकडच्या रस्त्यावर निघणाऱ्या त्याच्या गोठ्याचं दार उखडून काढलं, म्हशी भाईर सोडल्या, त्याच्या बायकोनं घाईघाईनं शेण सारलं, पाणी मारलं. आपली अम्मी त्या गोठ्यातून कबरस्तानाला गेली. त्या माणसानं तोंडातून शब्द काढला न्हाई. आजवर न्हाई.

आन तू? माझ्याच पोराला, गुफरानला सांगतोस, जिन्याच्या तक्रारीचा अर्ज त्या परमेश्वरनं केलाय, दोस्त घेऊन जा आन त्याला बघून घे? लाज हाय का काही? गुफरानला मी घरात बसवलाय. त्याच्या दोस्तांनाबी दारातून हाकललंय. परमेश्वरच्या अंगाला कुणाचं बोट लागलं तर तुझं-माझं नातं तिथंच संपलं.

अर्ज त्यानं केला न्हाई. मी केला. अम्मीचा चाळिसावा झाला, दुसऱ्या दिवशी मी नगरपंचायतीत गेलतो. सही माझी हाय, जाऊन बघ. भांडायचं तर माझ्याशी भांड. पण यावर मी आता एक शब्द बोलणार न्हाई.

तुझाच भाई,
शफी