मामा आणि मास्ट पेशी

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (वाकूनच केला आहे. दिवसभर शिलाई मशीनवर बसून कंबर अशी धरली आहे की वाकल्यावर सरळ व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात हे पत्र सुचलं.) तुझी तब्येत कशी आहे? सकाळच्या शिंका तशाच आहेत की नव्या गोळीने फरक पडला? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? आमच्याकडे सगळे बरे आहेत. परवा तू फोनवर जे बोललास ते ऐकलं, आणि बोलायच्या आधीच फोन आपटलास म्हणून जे राहिलं तेही साधारण कळलं. पुन्हा फोन करावा तर तू पुन्हा आपटशील, म्हणून लिहिते आहे. कागद आपटला तरी फुटत नाही. शेवटपर्यंत वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

‘भाचीने परीक्षेत मामाची अब्रू काढली’ असं तुला आमच्या ह्यांनीच सांगितलं असणार. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि सांगताना निम्मं सांगायचं विसरतात. तेव्हा उरलेलं निम्मं माझ्याकडून घे.

आमच्या टिल्लीच्या इस्पितळात ॲलर्जीचा नवा विभाग सुरू होतो आहे आणि तिथे नर्सची एकच जागा आहे, हे तुला ठाऊक आहेच. त्यासाठी रोगप्रतिकारशक्ती आणि ॲलर्जीचे आजार या विषयावर आधी तोंडी परीक्षा आणि मग प्रात्यक्षिक. गेल्या खेपेला ती तोंडीत नापास झाली. येत नव्हतं असं नाही, पण परीक्षक समोर बसले की तिची दातखिळी बसते. (हे माझ्या माहेराकडून आलेलं नाही. आपल्याकडे कुणाची दातखिळी बसलेली मी तरी पाहिली नाही.) ही दुसरी आणि शेवटची संधी. ती हुकली की पुन्हा अपघात विभागातल्या रात्रपाळ्या. त्या पाळ्यांनी पोरगी इतकी वाळली आहे की तिच्या गणवेशाला मला दोनदा आतून टीप मारावी लागली. मी परक्यांचे कपडे हसत हसत आत घेते, पण तिचा घेताना मला रडू आलं.

म्हणून मीच तिचा अभ्यास घ्यायला बसले. तुला काय कळतं, असं तू म्हणशील. काही कळत नाही, पण लक्षात कसं ठेवायचं ते मला कळतं. माझ्याकडे एवढी गिऱ्हाइकं येतात, मला एकाचंही नाव आठवत नाही. ‘उतरता खांदा’, ‘पोट सांभाळा’, ‘उजवा हात लांब’ अशी माझ्या डोक्यात त्यांची नावं असतात आणि आजवर एकाचाही सदरा दुसऱ्याला गेलेला नाही. नाव निसटतं, माणूस निसटत नाही. तिच्या पुस्तकात तर नुसती नावंच. पेशी म्हणजे काय, तर जिला कुणी पाहिलं नाही ती. मग मी एकेका पेशीला घरातलं माणूस दिलं.

जंतू घुसले की सगळ्यात आधी धावते आणि तिथेच गार होते, ती पेशी माझे धाकटे दीर. (त्यांनी कुठलं काम शेवटाला नेलंय?) जे दिसेल ते गिळून टाकते, ती आमचे हे. शत्रू एकदा पाहिला की जन्मभर विसरत नाही, ती सासूबाई. त्यांना कुणा लग्नात कुणी दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं, तो माणूस अजून आमच्या दारात यायला धजत नाही. आणि सगळे पेटून उठले की ‘जाऊ द्या हो’ म्हणून शांत करणारी एक पेशी असते, ती मी. ह्यावर घरात थोडी वादावादी झाली, पण अभ्यास मी घेत होते.

राहिली ॲलर्जी. पुस्तक म्हणतं, ॲलर्जी म्हणजे ज्याच्यापासून काही धोका नाही त्याच्यावर शरीराने तुटून पडणं. दादा, खरं सांग, हे वाचून तुला स्वतःला कोण आठवलं असतं?

तुझ्या शेजाऱ्याची ती कुंडी आठव. सामाईक भिंतीवर त्याने ती पहिल्यांदा ठेवली तेव्हा तू चकार शब्द काढला नाहीस. तसंच असतं म्हणे, पहिल्या भेटीत काही होत नाही, आतल्या आत फक्त तयारी होते. ती तयारी करणाऱ्याचं नाव आयजीई. ते मास्ट नावाच्या पेशीच्या अंगाला चिकटून बसतं आणि शत्रूची वाट बघतं. (आयजीईला आम्ही कुणाचा चेहरा दिला ते विचारू नकोस. त्या कुंडीबद्दल आठवडाभर तुझे कान कुणी भरले ते आठव, म्हणजे झालं. हा कागद वहिनींच्या हाती लागू देऊ नकोस.) मग शेजाऱ्याने दुसरी कुंडी ठेवली आणि तू फुटलास. मास्ट पेशी अशीच फुटते, तिच्यातून हिस्टामिन बाहेर पडतं, मग सूज, खाज, नाकाला धार, सगळा मोहल्ला जागा. आणि काही तासांनी, सगळं निवलं असं वाटत असताना, उशिरा खबर लागलेल्या पेशी जमा होतात आणि पुन्हा भडका उडतो. तुझे दोन्ही मेहुणे त्या संध्याकाळी आले होते की नाही?

तिने हे सगळं हसत हसत पाठ केलं. कितीतरी दिवसांनी ती घरात हसली, म्हणून मीही थांबवलं नाही.

आता परीक्षेचं ऐक. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. त्यांनी सरळ विचारलं, धुळीची ॲलर्जी असलेला माणूस धुळीच्या खोलीत शिरला की काय होतं. आणि टिल्लीच्या डोक्यातून सगळी नावं उडाली. माणसं तेवढी राहिली. ती म्हणाली, ‘सर, मामींनी आधीच कान भरून ठेवलेले असतात.’ परीक्षकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. आता माघार घ्यायची कुठे, म्हणून ती सांगतच सुटली. भिंत, कुंडी, मामा, संध्याकाळचे मेहुणे, सगळं. दुसरे परीक्षक लिहायचे थांबले. वयस्कर परीक्षकांनी मात्र तिला अडवलं नाही. तिचं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘आणि हे तुमचे मामा साऱ्या अंगभर एकाच वेळी भडकले तर?’

तिथे मात्र पोरीला सगळी नावं आठवली. असा प्रसंग तिने अपघात विभागात स्वतः पाहिलाय. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लगेच. शिंकेच्या गोळीवर वेळ घालवायचा नाही. माणसाला आडवं करायचं, उठून चालू द्यायचं नाही, श्वास लागत असेल तर टेकवून बसवायचं. हे तिने एका दमात सांगितलं. तोंडी परीक्षा पास. म्हणजे तुझी अब्रू गेली असेल तर ती सत्कारणी गेली, हे लक्षात घे.

बाकी क्षेम. रागावू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. मुख्य लिहायचं राहिलंच. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रात्यक्षिक आहे. हातावर निरनिराळ्या द्रवांचे थेंब ठेवून बारीकशा सुईने नुसतं टोचायचं, आणि डास चावल्यासारखी गांधी कुठे उठते ते बघायचं. माणूस आपला आणला तरी चालतो. ते परीक्षक जाता जाता म्हणाले की शक्य असेल तर त्या मामांनाच आणा. तर तू ये. फक्त शिंकांची गोळी त्याआधी आठवडाभर बंद ठेवावी लागेल, नाहीतर गांधीच उठत नाही. शिंका येतील, त्याला इलाज नाही. रक्तदाबाच्या गोळीला मात्र टिल्लीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

ता. क. वहिनी, पत्र आधी तुम्हीच उघडलं असणार, म्हणून तुम्हालाच सांगते. आयजीईचं ह्यांनी ठरवलं होतं, मी नव्हे. आणि दादाला आठवडाभर सांभाळायला तुमच्याशिवाय आहे कोण?

ता. क. हे लिहू नको म्हणून टिल्लीने बजावलं होतं, पण ती आता झोपली आहे. दादा, परीक्षकांनी शेवटी तिला आणखी एक विचारलं होतं. असा मामा शरीरात नसलेलाच बरा, नाही का? ती म्हणाली, ‘नाही सर. बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही सगळे पित्त आहे म्हणून बसलो होतो. मामा ओरडत आले म्हणून बाबा आज आहेत.’ प्रात्यक्षिकासाठी इस्पितळ दुसरा माणूस द्यायला तयार आहे. तिने नको म्हणून सांगितलंय. तू नाही आलास तर तिच्यासमोरची खुर्ची रिकामी राहणार आहे. तेव्हा ओरडत ये, पण ये.