गब्बूचं गाणं

३ बहमन १३४७ फसली, निजाम सरकारच्या कॅलेंडराप्रमाणे

वहिनी गेली. जालन्याला, माहेरी. सातवा लागला म्हणून. दादा बैलगाडी जुंपून परतूर स्टेशनापर्यंत सोडायला गेल्ता.

जाताना तिनं गब्बू माझ्या हाती दिला. गब्बू म्हणजे विलायती उंदीर. दवाखान्यातले लोक गिनीपिग म्हणतात. मांजरीच्या पिलाएवढा, तांबडा-पांढरा, शेपूट न्हाई. वहिनीचे वडील जालन्यात एका दवाखान्यात कंपाउंडर. तिथं रोग तपासायला असले उंदीर पाळतात. ह्याला मूतखडा झाला, कामाचा राह्यला न्हाई, मारून टाकणार होते. वडलांनी झोळीत घालून लेकीला आणून दिला. तिनं कुळथाचं पाणी पाजून पाजून जगवला.

खडा पुन्हा होतो म्हणे. म्हणून पाणी मारुतीमागच्या गोड्या आडाचं द्यायचं, आपल्या खाऱ्या विहिरीचं बिलकुल न्हाई. खायला हरळी. पालक न्हाई, चुका न्हाई, अन् चुन्याचा तर वास बी न्हाई.

दादा म्हणला, ह्याच्या हाती देण्यापरीस मांजरीच्या हवाली कर, ती एकदाच काय ते उरकून टाकील. आई हसली. वहिनी हसली न्हाई. म्हणली, भाऊजी करतील बराबर.

ह्या घरात मला कामाचा समजणारं एकच माणूस आहे. ती परत येईल तवा गब्बू असा दाखवीन की कंपाउंडर काय, डॉक्टर बी तोंडात बोट घालील.

ठराव: रोज पहाटे उठणे. आडावर जाणे. मिडलला फेल झालो ते वेगळं. ते गणित होतं.

४ बहमन. ऊन वर आल्यावर

पहाटे उठलो. म्हणजे जाग आल्ती. थंडी लई. आड गावाच्या पार त्या टोकाला. आपल्याच विहिरीचं पाणी फडक्यातून दोनदा गाळून दिलं. गाळल्यावर खारेपणा फडक्यात राहतो. उद्यापासून पक्कं.

६ बहमन

थंडी कमी होईस्तोवर विहिरीचंच. गब्बूची तक्रार न्हाई. जनावराला पाण्याची चव कळत न्हाई, शास्त्र आहे.

हरळीवर दव असतं, उपटताना बोटं बधिर होतात. मळेवाली साळूबाई म्हणली, पालक उरलाय, ने बाबा. नेला. गब्बूनं असा उडवला की बघत राहावं. वहिनी मायाळू आहे, पण खाणाऱ्याचं मन तिला कळत न्हाई. शेवटी हिरवं ते हिरवं.

९ बहमन

आज लई मजा. गब्बूला टोपीत घालून काकासाहेबांच्या ओसरीवर गेल्तो. काकासाहेब गावातलं बडं प्रस्थ. पानाचं तबक पुढं आल्याशिवाय बोलत न्हाईत, अन् पान तोंडात गेल्यावर बोलता येत न्हाई. दोन भावांचा बांधाचा तंटा ऐकून राह्यले होते. मी हळूच गब्बूला तबकाआड सोडला. त्यानं काकासाहेबांचा लावलेला विडा ओढला अन् कचाकचा खात बसला. तंटा राह्यला बाजूला. भांडणारे भाऊ एकमेकांच्या अंगावर पडून हसले. काकासाहेब म्हणले, भुजंग्या, तुझा बाप गेल्यापासून तुमच्या घरात अक्कलवान असा हाच पहिला निघाला.

पानाला चुना होता. पण बोट पुसल्याएवढाच. अन् वहिनी चुना नको म्हणली, पान नको असं कुठं म्हणली?

१२ बहमन

आता रोज एक विडा. माझा दोस्त कडूबा त्याला गब्बूनवाब म्हणतो.

आज नवीन चमत्कार. पान खाल्लं, थोड्या वेळानं पाठ वर करून बसला अन् एकदम शीळ घातली. लांब, बारीक, काळजात घुसणारी. म्हणजे माझं ट्रेनिंग लागू पडलं. आधी पान, मंग गाणं. सर्कसवाल्यांना ह्याला वर्षं लागतात. मी चार दिवसांत केलं, अन् छडी न मारता.

१४ बहमन. बाजाराचा दिवस

कडूबाची हलगी, माझं भाषण, खोक्यावर गब्बूनवाब. अर्धा बाजार आमच्यापाशी. गाणं लागायला टाइम घेतो, तान घेताना अंग चोरून घेतो, अगदी कसलेला गवई. एक म्हातारा पुढं वाकून म्हणला, रडतंय का रं ते? मी म्हणलो, बाबा, शास्त्रीय आहे. लोक हसून बेजार. म्हातारा तेवढा हसला न्हाई. अडाणी.

१५ बहमन

खोक्यातलं गवत लाल. कडूबाला बोलवून दाखवलं, बघ, नवाब आता पिंक बी टाकतो! कोपऱ्यात पांढरी भुकटी दिसली. चुना तेवढा बाजूला काढून ठेवतो, हुशार. खाणं कमी केलंय. गवयांचं असंच असतं.

१७ बहमन. दुपारी

आई तांदूळ निवडत होती. गब्बू गायला. आईनं सूप खाली ठेवलं. म्हणली, भुजंगा, हे गाणं न्हाई रे. तुझा आजा मुतायला बसला की असाच ओरडायचा. खडा होता त्याला. आम्ही सुना परड्यात जाऊन कानात बोटं घालायचो.

मी म्हणलो, तुला गाण्यातलं काय कळतं.

मंग खोक्यापाशी बसून राह्यलो. जितक्या वेळा गायला तितक्या वेळा खाली ओलं झालं. लाल थेंब. आज पान दिलंच नव्हतं.

जास्त लिहावं वाटत न्हाई.

१८ बहमन. पहाटे. खरोखर पहाटे

गोड्या आडाचं पाणी आणलं. हरळी आणली. कुळीथ चुलीवर ठेवलेत. पान बंद, पालक बंद, गाणं बंद. अजून बी जमेल. वहिनीनं एकदा जगवला, मला काय अवघड.

अडचण एकच. आज काकासाहेबांकडं तहसीलचे पाहुणे. नवाबाचा प्रोग्रॅम कबूल करून बसलोय. जाणार न्हाई. बिलकुल न्हाई.

त्याच दिवशी. दिवस मावळताना

गेलो.

काकासाहेबांचा गडी बोलवायला आल्ता. एवढ्या मोठ्या माणसांना न्हाई कसं म्हणणार? ठरवलं होतं की पान द्यायचं न्हाई, नुसता दाखवून आणायचा. पान पाहुण्यांनीच पुढं केलं. त्यानं तोंड लावलं न्हाई. मंग अंग गोळा केलं अन् ओरडला. पाहुणे म्हणले, वाह, क्या बात है! टाळ्या पडल्या. म्हणले, और एक बार.

त्या ओसरीवर काय चाललंय ते मला एकट्याला ठाऊक होतं. अन् मी मान डोलवली. मांडीवर ताल बी धरला.

हा कागद फाडून टाकीन.

२० बहमन

कुळथाचं पाणी पीत न्हाई. तोंड फिरवतो. चिंधी भिजवून ओठाला लावतो. पोट हाताला कडक लागतं. कडूबा हलगी घेऊन आल्ता, त्याला शिव्या देऊन हाकलला. तो म्हणला, मी काय केलं? खरंच, त्यानं काय केलं.

दोष कुणाचा ते नीट बघायला पाहिजे. विहीर आजानं खणली. पालक साळूबाईचा. विडा काकासाहेबांचा. ह्यात माझं म्हणावं असं फक्त गब्बू. तो बी वहिनीचा.

ठराव: उद्या जालन्याला नेणे. कंपाउंडरसाहेब काहीतरी करतील. मी सगळं खरं सांगीन. तिच्या पाया पडीन.

२१ बहमन. परतूर स्टेशन

दादानं काही न विचारता गाडी जुंपली. खड्डे चुकव म्हणलो तर चुकवले.

स्टेशनात बसलो होतो, रेल्वेला टाइम होता, अन् गब्बू गेला. ओरडला बी न्हाई. धोतराच्या सोग्यात होता, मला वाटलं झोपला. उशिरानं कळलं. लिंबाखाली पुरला. फावडं नव्हतं, हातानं उकरलं.

दादा म्हणला, चल घरी, मी सांगीन तिला. म्हणलो, न्हाई, मीच जातो, माझ्या तोंडानं सांगतो. दादानं आज पहिल्यांदा शिवी दिली न्हाई. तिकीट त्यानंच काढलं.

आता घोकून राह्यलो. पाणी, पालक, पान, बाजार, पाहुणे. ह्याच क्रमानं. ह्या वेळी फेल व्हायचं न्हाई.

२२ बहमन. जालना

काल दिवेलागणीला पोचलो. वहिनी दारातच उभी. म्हणलो, गब्बू गेला. तेवढं बराबर जमलं. पाण्याचं सांगायला तोंड उघडलं, तर ती रडायला लागली, अन् डोळे पुसून मलाच समजवायला लागली. भाऊजी, जिवाला लावून घेऊ नका. त्याची तब्येतच तशी. तुम्ही होतात म्हणून एवढे दिवस तरी निघाले. एवढ्यासाठी इतक्या लांब आलात? मला वाटलं होतंच, त्याला काही झालं तर तुम्ही स्वतः याल.

दोन जीवांच्या बाईला एकदम धक्का देऊ नये. हे बी शास्त्र आहे. म्हणून जेवण झाल्यावर सांगायचं ठरवलं.

ताटात शिरा होता. तिच्या डोहाळ्यासाठी केलेला, तुपातला. आपल्या वाटणीचा तिनं मला वाढायला लावला. म्हणली, किती सुकलेत बघा भाऊजी.

कंपाउंडरसाहेब समोर बसले होते. चष्मा पुसत पुसत म्हणले, खायला काय घालत होतात हो त्याला?

मी नुकताच घास घेतला होता.

वहिनी आतून म्हणली, नुसती हरळी, बाबा. अन् गोड्या आडाचं पाणी. मी सगळं सांगून आल्ते. भाऊजी म्हणजे इकडची काडी तिकडं होऊ द्यायचे न्हाईत.

कंपाउंडरसाहेब माझ्याकडं बघून राह्यले. मी मान हलवली. होकाराची.

वहिनीच्या आईनं विचारलं, अजून थोडा वाढू का?

तोंड भरलेलं होतं. नको म्हणता आलं न्हाई.